धूर काळा, गाडी ढिली

(दृश्य: वडाळ्याचं ट्रक टर्मिनल. पुढं झुकवलेली केबिन, खाली उघडं इंजिन.)

निवेदन:
गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर टाकते. वडाळ्याला अशी गाडी आली की बहुधा तिचं निदानही सोबतच येतं: ‘नोझल गेलेत.’ मिस्त्रीच्या आधी शेठला फोनवर तेच सांगून झालेलं असतं. सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे नोझल गेलेले असूही शकतात. पण ते उतरवायचे, टेस्टिंगला पाठवायचे, परत बसवायचे, आणि एवढं करून धूर तसाच राहिला की नोझलला डिझेल दाबून देणाऱ्या पंपाकडे बोट दाखवायचं, ही खर्चाची चढती भाजणी आहे. तिची सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते, कारण डिझेलचा फवारा हवेत मिसळायला सिलिंडरच्या आत डोळ्याचं पातं लवायचाही अवधी मिळत नाही. हवा कमी पडली की डिझेलमधला कार्बन न जळता काजळी होऊन बाहेर पडतो. म्हणजे सायलेन्सरमधून जातंय ते पैसे मोजून भरलेलंच डिझेल, फक्त त्याने काम केलेलं नाही. धूर आणि कमी ताकद या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे.

म्हणून पहिला प्रश्न धुराचाच. ताकद कमी आहे पण धूर नाही? मग डिझेल पोचत नसावं. डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, लाइनमध्ये शिरलेली हवा बघा. ताकद कमी आणि धूर काळा? मग डिझेल पोचतंय, जळत नाही. अशा गाडीचा डिझेल फिल्टर बदलून काहीच हाती लागत नाही, तरी तो सर्रास बदलला जातो. निळा धूर ऑइलचा, पांढरा थंड इंजिनाचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा. ती प्रकरणं वेगळी.

(दृश्य: दहा टायरी गाडी. मिस्त्री बंपरवर पाय टेकून ड्रायव्हरशी बोलतोय.)

‘उभ्या गाडीला धूर येतो, की लोडवर?’
‘खाली गाडी ठीक आहे, मिस्त्री. कळंबोलीला लोखंड भरलं की सुरू. बोरघाटात तर दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही.’
‘चढाला कसला आवाज?’
‘फस्स… असा. केबिनच्या खालून.’

मिस्त्रीने अजून पाना उचललेला नाही, पण अर्धं काम झालंय.

निवेदन:
तरीही सुरुवात एअर फिल्टरपासून. मुंबईत रस्ते खणलेले, मेट्रोची कामं, डेब्रिजचे डंपर. फिल्टर लवकर भरतो. पावसाळ्यात वेगळंच. कागद ओला झाला की फुगतो आणि वरून स्वच्छ दिसणारा फिल्टरही हवा अडवतो. फिल्टरच्या डब्यावर इंडिकेटर असेल तर त्यातली लाल पट्टी काय ते सांगते. फिल्टर टायरवर आपटून झाडायची, कॉम्प्रेसरची जोरकस हवा मारायची पद्धत मात्र वाईट. कागदाला बारीक भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर जाते. नवा फिल्टर त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

(दृश्य: जवळून. इंटरकूलरचा रबरी होज. क्लिपखाली फिरणारी बोटं.)

या गाडीचा फिल्टर बरा निघाला. आता मिस्त्री टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या होजखालून हात फिरवतो. बोटांना काळा, तेलकट थर लागतो, तोही क्लिपपाशी एकाच जागी. हवेबरोबर थोडं ऑइल येतंच. ते बाहेर दिसतंय म्हणजे हवाही तिथून निसटतेय. पाइपाची तोंडं बंद करून कॉम्प्रेसरने जेमतेम किलोभर दाब भरला, वरून साबणाचं पाणी सोडलं. क्लिपच्या कडेला फेस उसळला. क्लिप सरकवली, तर खाली बोटभर लांबीची चीर.

आयडलला ही चीर मिटलेली असते. लोड आला, टर्बोने दाब वाढवला की ती तोंड उघडते. म्हणून रिकामी गाडी शहाण्यासारखी वागते आणि घाटात धूर ओकते. पीयूसीची तपासणीही उभ्या गाडीला रेस देऊन होते. बीएस-४ या प्रदूषण मापदंडाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक), बीएस-४ ला ५०. अशी चिरलेली गाडी तिथे पास होऊ शकते, कारण तिथे लोखंडही नसतं आणि चढही.

होज चांगला असता तर पुढचा संशयित एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे जळालेला वायू कोंडून गाडी हळू करणारा ब्रेक. त्याच्याकडे फार कमी लोक वळतात. सायलेन्सरच्या पाइपातली त्याची झडप गंजून, काजळी धरून अर्धवट मिटलेली राहते. जळालेला वायू बाहेर पडला नाही, तर ताजी हवा आत येणार कुठून? एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने खाली वाकून दांडी पूर्ण परत येते का, ते बघायचं. खर्च शून्य. मग टर्बोचा शाफ्ट: पाती घराला घासत असतील तर टर्बो संपला.

हे सगळं झाल्यावर नोझल. टेस्टरवर धुक्यासारखा फवारा हवा. थेंब गळत असतील तर ते डिझेल नीट जळणार नाही. जुन्या पंपाच्या गाडीत एकेक पाइप ढिला करून कुठला सिलिंडर काम करत नाही, ते शोधतात. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जबर दाबाने डिझेल देणाऱ्या, गाडीवर हे करायचं नाही. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. आणि पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवणं हा तर उफराटा उपाय. हवा आधीच कमी, त्यात डिझेल जास्त.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीत, अडकते. तिथे धूर दिसत नाही. दिवा लागतो, गाडी ढिली पडते. सिग्नल ते सिग्नल रखडणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि डीपीएफ भरत जातो. बीएस-६ गाडी काळा धूर टाकत असेल, तर डीपीएफ फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

(दृश्य: नवा होज, नव्या क्लिपा. भरलेली गाडी टर्मिनलबाहेर पडते.)

या जुन्या गाडीला गिअर बदलताना अजूनही धुराचा एक छोटा भपका येईल. टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो, तेवढा तो. गिअर पडल्यावर तो विरला तर गाडी परत आणायची गरज नाही.