खाली दगड, वर लाकूड

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात नॉर्टन सेंट फिलिप नावाचं खेडं आहे. तिथला ‘द जॉर्ज इन’ हा पब मुळात पिणाऱ्यांसाठी बांधलेलाच नव्हता. चौदाव्या शतकात तो उभा केला जवळच्या हिंटन मठातल्या कार्थुशियन साधूंनी. ही मंडळी मौन पाळणारी, मांस न खाणारी. लोकरीचा व्यवहार मात्र चोख! गावात लोकरीची जत्रा भरे. व्यापाऱ्यांना उतरायला आणि माल ठेवायला ही वास्तू.

रस्त्यावरून पाहिलं तरी तिचे दोन काळ ओळखू येतात. तळमजला दगडी, मधोमध घोडागाडी आत जाईल अशी कमान, मागे चौक. त्यावर पंधराव्या शतकातले दोन लाकडी मजले, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. वर जागा वाढते, हा फायदा उघडच आहे. पण सुताराची खरी हुशारी वेगळीच. वरच्या मजल्याच्या जमिनीच्या तुळया खालच्या भिंतीबाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत चढवायची. त्या भाराने बाहेरची टोकं दबून राहतात, आणि खोलीच्या मध्यावर तुळईला पडणारा झोल कमी होतो.

सांगाडा ओकचा. ओक ओला असतानाच तासायचा, कारण वाळला की हत्यार सहज चालत नाही. सांध्यात कूस, म्हणजे एका लाकडाचं तासलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत, बसवून वर लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड जागेवरच वाळतं, पीळ खातं. अशा जुन्या घरांत सरळ रेघ शोधू नये ती त्यामुळेच. खांबांमधली जागा भरायची पद्धत कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही: काठ्यांचा कूड विणायचा आणि त्यावर शेणमातीचं लिंपण.

१५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, ही इमारत टिकली. १६६८ च्या जूनमध्ये रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स या गावात जेवून गेला. १६८५ मध्ये राजाविरुद्ध उठलेल्या ड्यूक ऑफ मॉनमथचा मुक्काम इथेच होता, असं सांगतात. गावातच चकमक झाली आणि पुढच्याच महिन्यात सेजमूरच्या लढाईत त्याचा पुरता पराभव झाला. पर्यटकांना ड्यूकची गोष्ट जास्त आवडते. माझं मत विचाराल तर त्या सुताराचं नाव कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

आज ही इमारत पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. त्यामुळे तिच्या मूळ रूपाला धक्का लागेल असा बदल मालकालाही परवानगीशिवाय करता येत नाही.