सहा टक्क्यांचा डबा

[दृश्य: सुपरमार्केटमधली डबाबंद पदार्थांची रांग. कॅमेरा लेबलांवरून हळूहळू सरकतो.]

मिशिगनमधल्या एका सुपरमार्केटची ही रांग. वर टोमॅटोचे डबे, खाली राजमा आणि चवळी. मधल्या फळीवर, बरोबर हाताला येईल अशा उंचीवर, हा छोटा डबा. नाव आहे ‘हॉट डॉग चिली सॉस’.

पुण्याहून किंवा नागपूरहून नुकताच आलेला विद्यार्थी हा डबा हमखास उचलतो. चिली सॉस म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर चायनीजच्या गाडीवरची हिरवी बाटली येते. मॅगीवर घालू, सँडविचला लावू, असा विचार करून तो दोन डबे घरी नेतो. उघडून बघतो तर आत तपकिरी रंगाचा घट्ट गोळा. वास घेतो. मग लेबल वाचतो: बीफ. जो खात नाही त्याच्या घरी त्या दिवशी पातेलंसुद्धा कचऱ्यात जातं. आमच्या ओळखीतल्या दोन घरांत अगदी असंच झालं, म्हणून सुरुवात इथून.

इथे ‘चिली’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी नांदतात. एक आपल्या ओळखीची, मिरचीची. दुसरी काचेच्या बाटलीतली, जिला अमेरिकन लोक चिली सॉस म्हणतात. त्यात टोमॅटो, साखर, व्हिनेगर असतं, आणि ती केचपची सख्खी बहीण वाटते. तिसरी चिली म्हणजे चिली कॉन कार्ने: मांस आणि सुक्या मिरच्या एकत्र शिजवून केलेला दाट रस्सा. हॉट डॉगवर पडते ती हीच.

[दृश्य: टेक्सासचा नकाशा. सॅन अँटोनियोवर ठिपका.]

या रश्शाचं माहेर टेक्सास. सॅन अँटोनियोच्या चौकांत मेक्सिकन बायका संध्याकाळी टेबलं मांडून तो विकायच्या. पुढे १९७७ मध्ये टेक्सासने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवून टाकलं. तिथल्या कट्टर लोकांना त्यात राजमा दिसला की राग येतो. आपल्याकडे मिसळीत बटाटा दिसला की काही जणांचा चेहरा होतो ना, तसा.

चिली डब्यात जाण्याआधी तिचा मसाला बाटलीत गेला. विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने १८९०च्या दशकात सुक्या मिरच्या दळून चिली पावडर विकायला काढली. इथे एक सावधगिरीची सूचना, खास नव्याने आलेल्यांसाठी. अमेरिकेतली चिली पावडर म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. त्यात मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो आणि लसणाची पूड असते. मी पहिल्या हिवाळ्यात ती पोह्यांच्या फोडणीत घातली होती. पोह्यांना पिझ्झाचा वास आला. घरात कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी गुपचूप इंडियन स्टोअरमधून बेडगी तिखट आणून ठेवलं होतं.

डब्याची गोष्ट कोर्सिकाना या टेक्सासमधल्याच गावात सुरू होते. लायमन डेव्हिस नावाचा माणूस १८९५च्या सुमारास तिथे गाडीवर चिली विकायचा. १९२१ मध्ये त्याने ती डब्यात भरायला सुरुवात केली आणि ब्रँडला नाव दिलं आपल्या पाळलेल्या लांडग्यावरून. वुल्फ ब्रँड आजही मिळतो. १९३५ मध्ये मिनेसोटातल्या हॉर्मेलने आपली चिली बाजारात आणली, आणि मग हा डबा देशभरातल्या फळ्यांवर जाऊन बसला.

[दृश्य: डेट्रॉइट, रात्र. शेजारी शेजारी दोन दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या.]

पण हॉट डॉगवर चिली ओतायची कल्पना टेक्सासची मक्तेदारी नाही. मिडवेस्टमध्ये, म्हणजे मिशिगन-ओहायोच्या पट्ट्यात, ती रुजवली ग्रीक आणि मॅसेडोनियन स्थलांतरितांनी. डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत अमेरिकन कोनी आयलंड आणि लाफायेट कोनी आयलंड ही दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. दोन्ही केरोस या ग्रीक भावांच्या घराण्यातून आलेली, पहिलं १९१७चं. नाव न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावरचं, पण पदार्थ पक्का मिशिगनचा. वाफवलेला मऊ बन, त्यात चावताना ‘कट्’ आवाज येणाऱ्या आतड्याच्या आवरणातलं सॉसेज, वर बिन राजम्याची चिली, पिवळ्या मोहरीच्या सॉसची एक रेघ आणि मूठभर कच्चा कांदा. याला म्हणायचं कोनी. एका दुकानाचा भक्त दुसऱ्या दुकानात पाऊल ठेवत नाही.

तासाभरावर फ्लिंट शहर आहे. तिथली कोनी वेगळी, सुक्या खिम्यासारखी. तिथल्या चिलीत बारीक दळलेलं बैलाचं हृदय घालतात. आणि दक्षिणेला ओहायोत सिनसिनाटी. तिथे १९२२ मध्ये किराजिएफ या मॅसेडोनियन भावांनी एम्प्रेस नावाच्या नाटकगृहाशेजारी दुकान काढलं. त्यांच्या परंपरेतली चिली पातळ असते आणि तिला दालचिनी, लवंगेचा वास येतो. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी खिम्यात गोडा मसाला घातलाय. १९४९ मध्ये सुरू झालेलं स्कायलाइन हे तिथलंच नाव, आणि त्यांची चिली डब्यातही मिळते.

[दृश्य: स्वयंपाकघरातला ओटा. लेबलांवर कागद चिकटवलेले पाच डबे, एक ते पाच.]

आता मुद्द्याचं. या पाचांतला हॉट डॉगसाठी उत्तम कोणता?

पहिली खूण डब्याच्या नावातच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा, की एखाद्या पदार्थाला ‘चिली कॉन कार्ने’ म्हणायचं तर त्यात, कच्च्या मांसाच्या वजनाने मोजलं तर, निदान ४० टक्के मांस हवं. राजमा घातलेली असेल, तर २५ टक्के. आणि ‘मांसयुक्त चिली हॉट डॉग सॉस’ म्हणायचं असेल, तर फक्त ६ टक्के.

सहा. चुकून ऐकलं नाहीत.

[दृश्य: स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर खिम्याचा सुपारीएवढा गोळा.]

हॉट डॉग सॉसचा छोटा डबा २८३ ग्रॅमचा. त्यात कायद्याने किमान मांस किती, तर जेमतेम १७ ग्रॅम. काट्यावर दिसतंय ते एवढंच. एका डब्यात सात कोनी होतात असं धरलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीच ग्रॅमसुद्धा येत नाही. तेच ४२५ ग्रॅमच्या चिली कॉन कार्नेच्या डब्यात किमान १७० ग्रॅम. अर्थात कंपनी किमानापेक्षा जास्त घालू शकते, पण हिशोब बघितल्यावर कुठलाही शहाणा माणूस मोठा डबा उचलेल. मीही उचलला होता.

म्हणून बोलावलं काकांना. काका मूळचे कोल्हापूरचे, सत्तरच्या दशकात डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले. दुसरी पाळी सुटली की रात्री लाफायेटच्या काउंटरवर दोन कोनी, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. कोणत्या आकड्यामागे कोणता डबा, हे त्यांना माहीत नव्हतं.

आधी नुसत्या चमच्याने चाखलं. काका तीन नंबरवर थांबले. म्हणाले, “अगं, याला मांस आहे. बाकीचं सगळं पिठलं आहे.” तीन नंबर चाळीस टक्क्यांचा होता. मी खूश.

मग पाचही बनमध्ये भरले. मोहरी घातली, कांदा घातला आणि पाच मिनिटं तसेच ठेवले, कारण काउंटरवरून टेबलावर येईपर्यंत कोनीला तेवढा वेळ लागतोच. आणि निकाल फिरला.

तीन नंबरचे मांसाचे तुकडे पहिल्याच घासाला बनमधून निसटून ताटलीत पडले. सॉसेजवर ते टिकतच नव्हते. शिवाय सॉसेज स्वतःच मांस, त्यावर पुन्हा मांस. मोहरी आणि कांदा कुठे गेले ते कळेना. दोन नंबरमधला राजमा तर गोट्यांसारखा घरंगळत होता. चार नंबर गोड निघाला. पाच नंबर दालचिनीवाला, पातळ. त्याला वर किसलेल्या चेडर चीजचा डोंगर लागतो, आणि सिनसिनाटीत तो घालतातच. नुसता बनमध्ये घातला तर बनचा तळ भिजून गळतो.

एक नंबर मात्र चिकटून बसला होता. बारीक, मऊ, सॉसेजच्या अंगाला लागलेला. घास तोडला की सॉसेजचा ‘कट्’ आवाज आधी, मग मोहरीचा झटका, मग कांदा, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा तो तपकिरी रस. काका दुसरा घास घेऊन म्हणाले, “तांबडा रस्सा वाटीतून प्यायचा असतो. पावात भरायला लागतं वेगळंच काहीतरी. हा रस्सा नाही गं, हा लेप आहे.”

कागद काढला. एक नंबर म्हणजे सहा टक्क्यांवाला.

[दृश्य: डब्याच्या मागची बाजू. बोट घटकांच्या यादीवरून सरकतं.]

म्हणून काय सहा टक्क्यांचा कुठलाही डबा उचलावा? नाही. मागची यादी वाचायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक असतं. पहिलं पाणी असणार, त्यावर रुसू नका. बीफ जितकं पुढे तितकं बरं. निदान स्टार्च, ओट्स आणि साखरेच्या आधी ते यायला हवं. काही स्वस्त डब्यांत बीफच्याही आधी यंत्राने हाडांवरून खरवडलेलं कोंबडीचं मांस येतं. ते मी परत फळीवर ठेवते. सोयाचे कण असतील तर मात्र नाक मुरडू नका. लेपाला धरून ठेवण्यात त्यांचाही हात असतो. राजमा नको. टोमॅटो जितका मागे तितका बरा.

[दृश्य: गॅसवर शिट्टी देणारा प्रेशर कुकर.]

डब्याबद्दल बोलतोय तर हेही. चिलीला आंबटपणा कमी, आणि बंद डब्यात हवा नाही. बोट्युलिझम, म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, ज्या जिवाणूंमुळे होते त्यांना नेमकं हेच आवडतं. त्यांचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्याने मरत नाहीत. म्हणून भरून सील केलेले डबे कारखान्यात वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. हा खोलीएवढा कुकरच म्हणायचा. आपल्या घरचा कुकरही दाबाने जवळपास तिथपर्यंतच पोचतो.

जुलै २००७ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरातल्या एका कारखान्यात हे तापवणं कमी पडलं. तिथून बाहेर पडलेल्या हॉट डॉग चिली सॉसमुळे इंडियाना, टेक्सास आणि ओहायोत मिळून आठ जणांना बोट्युलिझम झाला. त्याच कारखान्यातले इतरही कितीतरी पदार्थ परत मागवावे लागले. व्यावसायिक डब्यांच्या बाबतीत अमेरिकेत कित्येक दशकांत असं घडलं नव्हतं. हे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. त्यामुळे फुगलेला, गळका किंवा जोडावर चेपलेला डबा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आणि चाखून तर मुळीच बघू नका.

[दृश्य: छोट्या पॅनमध्ये डब्यातून सॉस पडतो, डब्याच्याच आकारात, कडेच्या रेघांसकट.]

आता शिजवणं. थंड सॉस पॅनमध्ये असा नळकांड्यासारखा उभा राहतो. घाबरू नका. दोन चमचे पाणी, मंद आच, आणि पळीच्या पाठीने मोडत राहायचं. रटरट वाढली की कडेला लाल तेलाची बारीक रेघ दिसते. तिथे अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर दालचिनी घालायची. ग्रीक आणि मॅसेडोनियन भावांचं देणं एवढ्यात फिटतं. मीठ घालू नका, सॉसेज आणि सॉस दोघांतही ते भरपूर असतं. पळीवरून ओघळणारा सॉस तुटक थेंबांत पडायला लागला, की गॅस बंद. काका शेवटी कांदा-लसूण मसाला भुरभुरतात. मी कॅमेरा दुसरीकडे वळवते.

जे बीफ खात नाहीत त्यांच्यासाठी टर्कीच्या चिलीचे डबे मिळतात. आणि शाकाहारी चिलीचेही, पण त्यात बहुतेक वेळा राजमा असतो. काकू शाकाहारी. पाच नंबर, तीन नंबर असा आमचा गोंधळ चालला होता तेव्हा त्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शांतपणे उभ्या होत्या. शाकाहारी डबा पॅनमध्ये ओतून त्यांनी तो पावभाजीच्या मॅशरने ठेचला, राजम्याचा पार लगदा होईपर्यंत. मग सोया सॉसेजवर तो लेप घातला, वर कांदा, आणि मोहरीच्या जागी लिंबू पिळलं.

काकांनी त्यातला एक घास मागितला. खाऊन झाल्यावर काही बोलले नाहीत, दुसरा मागितला.

“कसं झालंय काकू?” मी विचारलं.

काकूंनी वाफवलेल्या बनची कड बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाल्या, “पाव लोण्यावर भाजायला हवा होता.”