अंटे?

(दृश्य: उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप. कात्रीचा आवाज ठेवावा.)

हे हात बघा. तेंदूची पानं रात्रीच भिजत घातलेली. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्री फिरवायची, कापलेली पानं परत ओल्या फडक्यात. मग एकेक पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड दुमडायचं. विडी झाली. अशा पंचवीसांचं एक बंडल, चाळीस बंडलं म्हणजे हजार. तपासणीत काही छाटल्या जातात, त्या कष्टाला मोल नाही.

हे सोलापूरजवळच्या कुंभारीचं गोदूताई परुळेकर विडी घरकुल. 2006 साली विडी कामगार बायकांना इथं 10 हजार घरांची वसाहत मिळाली, त्यातलंच हे एक घर.

(दृश्य: भिंतीला टेकून वाचणारी मुलगी)

ही थोरली लेक. बी.ए.चं दुसरं वर्ष, विषय मराठी. या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पण वाचनाचं वेड तिला कॉलेजनं लावलेलं नाही. ते इथं, या सुपासमोर लागलं.

घरात तेलुगू, शाळेत मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात हे घरोघरी. हातमागावर आलेली पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर कुटुंबं इथलीच झाली, भाषा मात्र चुलीपाशी टिकली. अम्माला बाजारापुरतं मराठी येतं, वाचता कुठलीच भाषा येत नाही. लेक चौथीत असताना धडा मोठ्यानं वाचायची. हात न थांबवता अम्मा विचारायची, ‘अंटे?’ म्हणजे काय?

मग तोच धडा तेलुगूत सांगायचा. काही शब्द सांगताच यायचे नाहीत. ते वहीच्या मागच्या पानावर जायचे.

(दृश्य: वही, अगदी जवळून. कडेला तंबाखूचे डाग.)

ही ती वही. ‘हुरहुर’ या शब्दापुढे तिनं लिहिलंय : ‘नाना भिवंडीला निघायच्या आदल्या रात्री अम्मा त्यांना दोनदा भात वाढते, ते.’ नाना म्हणजे वडील, यंत्रमागावर असतात. शब्दकोशात असा अर्थ मिळायचा नाही. आमच्या मते तिचं लिहिणं इथंच सुरू झालं.

(दृश्य: सिटी बस, खिडकीतून शहर)

सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ 2004 साली मिळालं, तेही एकट्या जिल्ह्यासाठी. त्याआधी इथल्या पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव असायचं. आपलं विद्यापीठ पुणे रस्त्याला केगावात, घरकुल अक्कलकोट रस्त्याला. मधे अख्खं शहर.

मागच्या वर्षी फी थकली, दोन स्थळंही येऊन गेली. शिक्षण चालू आहे.

(दृश्य: रात्र, बल्बचा उजेड. दोघी.)

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिनं लेख लिहिलाय, विडीवरच. आधी मराठीत वाचते, मग तेलुगूत सांगते. एका ओळीला अम्माचे हात थांबतात. पान कापलं की लगेच वळतात, असं तिथं लिहिलंय. अम्मा मान हलवते, ओलं फडकं उचलून दाखवते.

लेक ती ओळ खोडते. पेन दाताखाली धरून बसते. परत लिहू लागते.

(निवेदन नाही. कात्रीचा आवाज.)