मनातलं कोर्ट

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. कार्डावर विषय छापलाय ‘प्रेम, श्रद्धा आणि मनःशांती’, वेळ दिलाय चाळीस मिनिटं आणि त्यातली दहा माझी ओळख करून देण्यात गेली. तेवढं कौतुक ऐकून माझी शांती आधीच ढळलीय.

एका प्रयोगापासून सुरू करतो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. माणसाला रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवायचं, फोन नाही, पुस्तक नाही, नुसता विचार करत बसायचं, आणि हाताशी एक बटण, दाबलं की विजेचा झटका. झटका कसा असतो ते आधी दाखवलेलं होतं, आणि मोजले ते फक्त ‘परत नको, हवं तर पैसे देतो’ म्हणणारे. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलं! हसू नका, तिसऱ्या रांगेत दोघं आत्ता मोबाईल बघतायत.

मला त्यांचं नवल वाटत नाही, कारण मी स्वतः दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन आलोय. तोंड बंद ठेवायचं, ते जमलं (घरच्यांना अजून पटत नाही). पण दुसऱ्याच दिवशी मनात दादाची केस उभी राहिली. अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत तो म्हणाला होता, ‘याला काम सांगू नका, हा नुसता बोलतो.’ बघा, व्याख्याता झालोच शेवटी. तर कोर्ट भरलं, वकील मी, साक्षीदार मी, जज पण मीच, आणि तरी निकाल लागेना, कारण निकाल लागला तर उद्या दिवसभर करायचं काय? पाचव्या दिवशी दादा रडून माफी मागत होता आणि मी पुढची तारीख देत होतो. शेजारचे गृहस्थ सारखं नाक ओढायचे, सहाव्या दिवशी त्यांच्यावर पण केस टाकली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. मुख्य मुद्दा तर बाकीच आहे, पटापट सांगतो.

बाहेरचा आवाज बंद करून काही होत नाही. संगीतकार जॉन केज १९५१ च्या सुमारास हार्वर्डच्या आवाजबंद खोलीत गेला तर तिथेही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक जड, आणि जड आवाज तुझ्याच रक्ताभिसरणाचा आहे असं तिथल्या इंजिनिअरनं सांगितलं. आता बोला.

प्रेम म्हणजे, माझ्या मते, जिंकता येणारी केस मागे घेणं. क्षमा वेगळी, तिच्यात समोरचा आधी दोषी ठरतो आणि मग आपण मोठे होतो. केस मागे घेताना कोणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून ते जड जातं. आणि श्रद्धा म्हणजे निकाल लागला नाही तरी रात्री झोप लागणं. कोणी फाईल देवाकडे सोपवतो, कोणी काळाकडे, मला फार फरक दिसत नाही, भांडायचं असेल तर नंतर भेटा.

हो, दादाचं राहिलं. शिबिरातून आल्यावर फोन केला. त्याला ते वाक्य आठवेचना. मग म्हणाला, ‘पण त्याच दिवशी तू मला सगळ्यांसमोर काय म्हणालास, आठवतंय?’ मला काहीच आठवेना. मग त्यानं शब्दन्‌शब्द सांगितलं, ते माईकवर सांगण्यासारखं नाही. बेल वाजली बघा.