लॅग नेमका कुठून येतो?

मंडळी, खेळ अडखळला, म्हणजे लॅग आला, की तोंडात येणारं 'आमचं नेट स्लो आहे' हे वाक्य आज बाजूला ठेवू. व्हॅलोरंटसारखा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ चालू असताना एक-दोन एमबीपीएसमध्ये सगळं भागतं. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतल्याने अपडेट लवकर उतरेल, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी होणार नाही.

आधी दुखणं ओळखा. खेळाच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ, त्यात स्टॅट्स उघडा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), नेटवर्क राउंड ट्रिप टाइम (म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली माहितीची पाकिटं) हे तीन आकडे पडद्यावर आणा. चित्र अडखळतंय, फ्रेम्स १४४ वरून ४० वर आल्यात आणि पिंग जागच्या जागी आहे, तर राउटरला हात लावू नका. तो ग्राफिक्स कार्डाचा, तापमानाचा नाहीतर ड्रायव्हरचा प्रश्न. पात्र चार पावलं पुढे जाऊन परत मागे खेचलं जातंय, झाडलेल्या गोळ्या मोजल्याच जात नाहीत, तर तो नेटचा.

पिंग एकाएकी २५ वरून ८० मिलिसेकंदांवर गेला, तर सामना सुरू करण्याआधी सर्व्हरची यादी बघा. मुंबईऐवजी सिंगापूर लागलं असेल तर बिघाड शोधण्यात अर्थ नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तिथेच गेले. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

आता मुख्य परीक्षा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करा, 'डिफॉल्ट गेटवे'समोरचा, म्हणजे तुमच्या राउटरचा, पत्ता टिपून घ्या. बहुधा १९२.१६८.१.१ असतो. मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत पिंग, तो पत्ता आणि शेवटी हायफन टी. दुसरीत तेच, पण पत्ता ८.८.८.८, म्हणजे घराबाहेरचा गूगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून खेळा. खेळ अडखळला की लगेच ऑल्ट-टॅब करून दोन्हीकडे बघा. राउटरचाच आकडा १-२ वरून ९० वर उडाला असेल, तर दोष घरात. राउटर शांत आणि दुसरी खिडकी उसळतेय, तर दोष राउटरच्या पुढे. दोन्ही शांत आणि तरी लॅग, तर खेळाचा सर्व्हर किंवा तिथवरचा रस्ता.

घरातला दोष बहुतेक वेळा वायफायचा. सोसायटीत २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वीस बिऱ्हाडं त्यातच दाटीवाटीने बसलेली. ५ गिगाहर्ट्झवर जा, त्याहून बरं म्हणजे राउटरपासून कॅट ६ची नेटवर्क वायर सरळ ओढा. वायरला पर्याय नाही, हे माझं ठाम मत.

वायर लावूनही संध्याकाळी त्रास होत असेल, तर अपलोड बघा. घरातल्या कुणाचा फोन लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो. लाइन भरली की राउटर पाकिटं टाकून न देता रांगेत उभी करतो आणि तुमची गोळी त्या रांगेच्या शेपटीला. याला बफरब्लोट म्हणतात. तपासणी सोपी: ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवा, मोठी फाइल अपलोडला लावा. आकडा १० वरून २०० वर गेला, तर हेच. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करून मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा घाला. थोडा वेग जातो, रांग मात्र मोडते.

डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा, बदलून पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त पत्ता विचारायला लागतो, सामन्यातली पाकिटं त्याच्याकडे जात नाहीत. ट्रेसर्ट ही आज्ञा पाकिटांच्या वाटेतले टप्पे दाखवते; तिच्यात मधल्याच एका टप्प्यावर तारे दिसले म्हणूनही घाबरू नका. ते राउटर अशा विचारणांना उत्तर देण्याचा आळस करतात. पुढचे टप्पे नीट असतील तर काही बिघडलेलं नाही.

व्हॅलोरंटमध्ये व्हॅन ९००१ किंवा ९००३ असं एरर आलं, तर त्याचा नेटशी संबंधच नाही. विंडोज ११ वर टीपीएम २.० किंवा सिक्युअर बूट या संगणकाच्या सुरक्षेच्या सोयींपैकी एखादी बंद असली की हे येतं. पण ती चालू करायला बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) घुसण्याआधी एमएसइन्फो३२ उघडून 'बायोस मोड' बघा. 'लेगसी' लिहिलं असेल, तर डिस्क जुन्या एमबीआर प्रकारची असणार. ती एमबीआर२जीपीटी या विंडोजच्या साधनाने जीपीटी प्रकारात बदलल्याशिवाय मोड पालटून यूईएफआय केलात, तर विंडोज सुरूच होणार नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

आणि तक्रार करताना नेटवाल्याला 'गेम लॅग होतो' सांगू नका, तो तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावेल. दोन्ही खिडक्यांचा फोटो, वेळ आणि ट्रेसर्ट पाठवा. फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल, तर मात्र यातलं काहीच करू नका. पिवळी वायर कपाटामागे दुमडलीय का, तेवढं बघा.