नाताळची बशी

(दृश्य: पहाट. चोर्ला घाटातलं धुकं. भाजीचे टेम्पो गोव्याकडे उतरतायत.)

बेळगावची भाजी रोज हा घाट उतरते. वर चढून काय येतं? मासळी येते. आणि फार पूर्वी कधीतरी याच दिशेनं एक शब्द आला. नाताळ.

पोर्तुगीज शब्द 'नाताल', मुळात लॅटिन, अर्थ जन्माचा. मराठीनं तो असा मुरवून घेतला, की आता 'ख्रिसमस' म्हटलं तरच कुणीतरी इंग्रजी फाडतंय असं वाटतं.

(दृश्य: बेळगावातली टिळकवाडी. काँग्रेस विहीर.)

या शब्दाची एक गंमत आहे. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामा आफ्रिकेच्या किनाऱ्यानं हिंदुस्थानकडे निघाला होता. दिवस नाताळचे, म्हणून त्या किनाऱ्यालाच त्यानं नाव देऊन टाकलं, नाताल. पुढं १८९४ साली तिथंच गांधीजींनी नाताल इंडियन काँग्रेस स्थापन केली. आणि त्यानंतर तीस वर्षांनी, १९२४ च्या २६ आणि २७ डिसेंबरला, ऐन नाताळात ते बेळगावात काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसले. आयुष्यात एकदाच. अधिवेशनासाठी खणलेली विहीर ही अशी समोर आहे. ऐन नाताळातच का? कारण साधं आहे. कोर्टांना तेव्हा सुट्टी असायची, आणि काँग्रेसमध्ये वकिलांना तोटा नव्हता.

(दृश्य: एक स्वयंपाकघर. परातीत कणकेसारखा मळलेला मैदा. एक नवाकोरा कंगवा.)

हा कंगवा केसांसाठी नाही. मैद्याची बोटभर गोळी त्याच्या दात्यांवर दाबायची, गुंडाळायची, तळायची. झाले कुलकुल. आपल्या शंकरपाळ्यांचे हे लांबचे भाऊ. कोकणीत त्यांना 'किडयो' म्हणतात, म्हणजे किडे. आकार बघा, नाव पटेल.

शेजारी दोदोल शिजतोय. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ. ढवळणाऱ्याचा हात मोडायला येतो, पण सोडता येत नाही. सोडला की तळाला लागलाच. हाच दोदोल याच नावानं इंडोनेशियात आणि मलेशियातही शिजतो. बेबिंका त्याहून हट्टी. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. सात थर तर हवेतच, हौस असेल तर सोळा.

आणि ही नेवरी. आत खोबरं, वेलची. कडेला मुरड. गोव्यात हिंदूंच्या घरी ती चवथीला होते, ख्रिस्ती घरी नाताळला. बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे छावणी भागातल्या, आंटींकडून झाकलेली बशी आली, की आमच्याकडची काकू रुमाल उचलते आणि दरवर्षी तेच म्हणते, "ह्या तर आमच्या करंज्याच की वो!" आंटी हसतात. दिवाळीत त्यांनी हेच उलट म्हटलेलं असतं. बशी मोकळी परत पाठवायची नाही, हा आमच्याकडचा दंडक. म्हणून जाताना तिच्यात कुंदा जातो, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई.

केकचं काय? तो बेकरीतून येतो, बहुतेकांच्या घरी. फक्त एवढं ऐका, प्लम केकमध्ये प्लम शोधू नका. जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लमच म्हणत.

(दृश्य: चर्चच्या आवारातला गोठा. मुलं माती थापतायत.)

येशूजन्माच्या देखाव्याचा असा गोठा १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी उभा केला, तोही खऱ्याखुऱ्या बैल आणि गाढवासकट. इथली पोरं मातीचा करतात. धान्य पेरून हिरवळ उगवायची युक्ती त्यांना शिकवावी लागत नाही. दीड-दोन महिन्यांपूर्वीच गल्लीतल्या दिवाळीच्या किल्ल्यावर हात साफ झालेला असतो.

तारखेचं म्हणाल तर बायबलात २५ डिसेंबर कुठंच नाही. रोममधल्या एका जुन्या नोंदीत ती इसवी सन ३३६ ची म्हणून सापडते. रशियात आजही नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण तिथलं चर्च जुनं पंचांग धरून आहे आणि त्यात तेरा दिवसांचा फरक पडलाय. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा पाळणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

(दृश्य: ३१ डिसेंबर. कॅम्पातला रस्ता. ओळीनं उभे ओल्ड मॅन.)

आता बेळगावचं खास. हा ओल्ड मॅन. पेंढा, जुने कपडे, रंगवलेलं तोंड, पोटात फटाके. छोटा हवा असेल तर हातात धरून न्या, मोठ्याला टेम्पो सांगा. रात्री बाराच्या ठोक्याला गल्लीगल्लीत त्याला पेटवायचा, म्हणजे जुनं वर्ष गेलं. कोचीत यालाच पप्पांजी म्हणतात, तर दूर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये 'आन्यो व्हिएहो', म्हणजे जुनं वर्ष. आम्हाला मात्र हा होळीचा थोडा आगाऊ आलेला भाऊ वाटतो. वर्गणीही तशीच मागतात आणि बोंबही तशीच मारतात.

कपडे जमवायचं काम पोरांकडं. कुठल्या घरातून काय उचललं, हे कुणी विचारत नाही.

(दृश्य: बारा वाजले. ज्वाळा. पोरांचा गलका.)

आग वर चढते, चेहरे उजळतात, आणि गर्दीतून कुणाचे तरी बाबा पुढं सरकून नीट बघायला लागतात.

"अरे... ही माझी पँट न्हवं काय रे?"