केनियाचे लाटसाहेब: लॉर्ड डेलामेअर

1901 साली मोंबासाहून निघालेली रेल्वे व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन भिडली. ती बांधायला हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले होते. रूळ पडले, पण गाडीत भरायला माल कुठे होता? झालेला खर्च वसूल करायचा, तर तिथे शेती करणारे हवेत. आणि ते गोरेच हवेत, असं तिथले ब्रिटिश कमिशनर चार्ल्स एलियट यांचं मत.

या धोरणातून ज्यांना घबाड मिळालं, ते ह्यू चमली, तिसरे लॉर्ड डेलामेअर. जन्म 1870 चा. वयाच्या सतराव्या वर्षी लॉर्डची पदवी आणि चेशर परगण्यातली वडिलोपार्जित इस्टेट हाती आली. साहेबांना नाद शिकारीचा. 1894 मध्ये सोमालीलँडात सिंहाने त्यांना खाली पाडलं. बंदूक सांभाळणारा अब्दुल्ला अशूर थेट सिंहावर झेपावला, म्हणून साहेब वाचले. पाय मात्र जन्मभर अधू राहिला.

1903 साली न्जोरोजवळ त्यांना एक लाख एकर जमीन मिळाली, 99 वर्षांच्या पट्ट्याने. रिकामी जमीन! रिकामी का दिसत होती, ते बघा. त्याआधीच्या दशकात बुळकांडीने तिथल्या मासाई या पशुपालक जमातीची गुरं मेली होती, पाठोपाठ देवीच्या साथीने माणसं. राहिलेल्यांना 1904 च्या कराराने रिफ्ट खोऱ्यातून हलवलं. मासाई वंश आहे तोवर ही नवी जमीन तुमचीच, असं वचन दिलं. सात वर्षांत त्यातलाही उत्तरेचा लायकिपियाचा भाग काढून घेतला. मासाई कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, हा तह आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही.

न्जोरोच्या कुरणात मासाई आपली गुरं फारशी चारत नसत. साहेबांनी मात्र तिथेच न्यूझीलंडच्या मेरिनो मेंढ्या सोडल्या. मातीत खनिजं कमी, गवत दिसायला हिरवंगार पण निःसत्त्व. मेंढ्या पटापट मेल्या. विलायती गुरं गोचीडतापाने गेली. मग बाराशे एकरांवर गहू पेरला, त्यावर तांबेरा पडला. चेशरची इस्टेट गहाण पडली. तरी माणूस हटेना: पदरच्या पैशाने प्रयोगशाळा काढली आणि तांबेऱ्याला दाद न देणारं वाण शोधायला शास्त्रज्ञ ठेवले. ही चिकाटी नाकारता येत नाही.

मासाईंवर त्यांचा जीव होता. त्यांची भाषा ते बोलत, गुराखीही मासाईच ठेवत. पण त्याच मासाईंच्या जुन्या कुरणांत, एलमेन्टाइटा सरोवराकाठी, त्यांनी सोयसांबू हे दुसरं मोठं रँच उभं केलं. त्यात त्यांना काही खटकलं, असं त्यांच्या वागण्यावरून वाटत नाही.

राजकारणातही ते गोऱ्यांचे पुढारी. थंड हवेच्या डोंगराळ मुलखात हिंदी लोकांना जमीन मिळू नये, यासाठी त्यांनी जोर लावला. 1923 साली लंडनहून डेव्हनशायर श्वेतपत्रिका आली. जमीन गोऱ्यांकडेच राहिली, पण आफ्रिकी जनतेचं हित सर्वांत वरचं, असंही त्यात लिहिलेलं होतं. गोऱ्यांचं स्वराज्य मागणाऱ्या डेलामेअरना हे वाक्य कायम सलत राहिलं.

1931 साली ते वारले, मागे बँकांचं मोठं कर्ज ठेवून. नैरोबीतल्या डेलामेअर ॲव्हेन्यूचं स्वातंत्र्यानंतर केन्याटा ॲव्हेन्यू झालं, पुतळाही हलला. सोयसांबू अजून त्यांच्या वंशजांकडेच आहे. आणि न्जोरोत आजही तांबेऱ्यावर संशोधन चालतं. भारतातले गव्हाचे वाणही तिथे तपासायला पाठवले जातात.